ब्रेक बदलताना शेजारी बसून राहिलेल्या काकांस

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागलो, की "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय चहावर नेता. म्हणून हे जाहीर पत्र. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गाडी वापरणाऱ्या इतरांनाही त्यातले काही उपयोगी पडावे, हाही हेतू आहेच.

आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताना ब्रेक दाबला, की स्टिअरिंग थरथरत असे. याच तक्रारीसाठी एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) आणि पॅड (ब्रेक दाबल्यावर त्यांना घट्ट धरणारे ठोकळे) बदलून घेतले होते. काही महिने बरे गेले आणि थरथर पुन्हा सुरू झाली. "डिस्क वाकली, परत बदला," एवढेच उत्तर तिथे मिळाले. एस.टी.च्या कार्यशाळेत उभी हयात घालवलेल्या तुम्हांला ते पटले नाही. डिस्क ज्यावर बसते ते हब, म्हणजे चाकाचा मधला फिरता भाग, आधी बघ, असे तुम्ही म्हणालात आणि चाक माझ्याच हातून उघडवलेत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना उटी लावायची आणि स्टँड दिल्याशिवाय नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालायचा नाही, याबाबत तुम्ही तसूभरही सूट दिली नाहीत. सोडवलेला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) ब्रेक ऑइलच्या रबरी पाइपवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायला लावलात. गंजाने चिकटलेल्या डिस्कवर हातोडा चालवण्याऐवजी तिच्यातल्या दोन आट्यांच्या भोकांत ८ मिमीचे बोल्ट घालून ते आळीपाळीने आवळायला सांगितलेत, आणि 'टक्' असा आवाज होऊन ती सुटली.

मग दिसले ते हबचे तोंड. गंजाचा तपकिरी पापुद्रा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच. नवी डिस्क त्या गंजावरच चढवली गेली होती. हबपाशी केसाएवढा राहिलेला उंचवटा डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचताना वाढतो. मग ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला घासते, तिथे ती पातळ होत जाते, ही कमीजास्त जाडीच ब्रेक दाबल्यावर थरथर देते, आणि म्हणूनच थरथर लगेच न येता काही हजार किलोमीटरनंतर येते, हे तुम्ही मायक्रोमीटरने डिस्कची जाडी जागोजागी मोजून दाखवलेत. इतके सरळ कारण मला आजवर कोणी सांगितले नव्हते. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत होईपर्यंत, नखाला काहीही लागेनासे होईपर्यंत, तुम्ही नवी डिस्क हातात दिली नाहीत.

बाकीचे काम त्या मानाने किरकोळ. नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसणे, कॅलिपरच्या सरकत्या पिनांना साधे ग्रीस न लावता रबर न फुगवणारे सिलिकॉन ग्रीस लावणे, पॅडला ढकलणारा पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबण्याआधी टाकीतले थोडे ब्रेक ऑइल सिरिंजने काढून घेणे. ते ऑइल सांडले तर रंग खाते, म्हणून मडगार्डवर ओले फडके टाकलेत, ही खास तुमची रीत. आणि इंजिन सुरू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायला लावलेत. पहिल्या दाबाला ते थेट तळाला गेले, तेव्हा ही पायरी विसरणाऱ्याचे काय होत असेल ते कळले.

हातखंब्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, मध्ये गार होऊ देत, पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पॅड डिस्कशी नीट जुळवून घेतले. त्यानंतर कोल्हापूरला जाऊन आलो. घाटात स्टिअरिंग स्थिर होते.

वेळ तुमचा गेला, अवजारे तुमची वापरली, आणि मजुरीचे नाव काढले तर रागावलात. त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक दिवाळीनंतर उघडणार आहे, तेव्हाही स्टूल टाकून बसायला यावे, ही विनंती. सी-क्लॅम्प आणि मायक्रोमीटर पुसून ठेवले आहेत. रविवारी आणून देतो.

आपला कृपाभिलाषी,
शेजारचा