रेडिओ विकशील, पण आधी वही वाच

फोंडा, गोवा

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

आपले जुने रेडिओ ऑनलाइन विकायला काढूया, पुण्यात गिऱ्हाईक आहे, असं तू फोनवर म्हणालास. काढूया. घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही आणि दर पावसाळ्यात पप्पा एकेका स्पीकरच्या कागदावरची बुरशी पुसत बसतात. पण तू लगोलग अख्ख्या कपाटाचा फोटो टाकलास, तो आधी काढ. त्यात खिडकी दिसते, खिडकीतून देवळाची दीपमाळ दिसते. फोंड्यातल्या माणसाला घर ओळखायला आणखी काय लागतं? एका वेळी एकाच सेटचा फोटो टाक, मागे साधी चादर लाव. मोबाइल फोटोत जागेची नोंद ठेवतो, तेही बंद कर. आणि ‘तुमच्याकडे एकूण किती आहेत?’ असं कुणी विचारलं तर आकडा सांगू नकोस. ज्याला एक घ्यायचाय त्याला बाकीच्यांची मोजदाद कशाला?

दुरुस्ती पप्पांची, पण वही माझी, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आता ती वाच. नुसतं ‘ग्रुंडिग, मोठा’ असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मागच्या पट्टीवरचा मॉडेल आणि नंबर, कुणाच्या घरून आला, केवढ्याला घेतला, आणि त्याच्या अंगावरच्या खुणा. त्या ग्रुंडिगच्या पानावर बघ: डाव्या कुशीला व्हिनिअर बोटभर उचकटलेलं, शेवटचं बटण दुसऱ्याच सेटचं, डायलच्या काचेवर लिस्बनच्या शेजारी ओरखडा, आणि चॅसिसच्या, म्हणजे पेटीतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, आतल्या बाजूला पप्पांनी खिळ्याने कोरलेली खूण. ही शेवटची खूण फोटोत कधीच दाखवायची नाही.

एवढं का, ते सांगते. वरच्या वाड्यावरचं एक घर वर्षभर बंद असतं, माणसं मुंबईला. चवथीला गणपतीसाठी येऊन कुलूप उघडलं तर मागचं दार फोडलेलं, दोन रेडिओ आणि तांब्याची भांडी गायब. पुढे एका भंगारवाल्याकडे काही माल सापडला. ओळख पटवायला बोलावल्यावर त्यांना सांगता आलं ते एवढंच, की आमचा रेडिओ तपकिरी होता आणि मोठा होता. अरे, तपकिरी आणि मोठे तर सगळेच! मुद्देमाल परत मिळवायचा तर तो आपलाच आहे हे दाखवावं लागतं. नंबर आणि जुना फोटो हातात असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

चवथीला आपणही दार ओढून मूळ घरी जातो, हे चोरालाही ठाऊक असतं. म्हणून यंदा जाण्याआधी पप्पा महागड्या सेटमधल्या व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, काढून डब्यात घालणार आहेत. अख्खा सेट खांद्यावर घेऊन पळणं सोपं नाही, व्हॉल्व्ह खिशात जाते. ध्वनीच्या शौकिनांना जुन्या टेलिफंकनच्या व्हॉल्व्ह हव्याच असतात आणि कधी कधी रिकाम्या पेटीपेक्षा त्यांनाच जास्त पैसे येतात. कुठल्या जत्रेत किंवा बाजारात मांडणी केलीस तर बटणांवर लक्ष ठेव. एकजण तुला स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणाऱ्या हिरव्या मॅजिक आयबद्दल प्रश्न विचारून गुंतवतो आणि दुसरा बटण फिरवता फिरवता ओढून घेतो. तसलं बटण पुन्हा मिळवायला पप्पांचं अर्धं आयुष्य जातं.

आता विकत घेण्याबद्दल, कारण विकायला लागलास की लोक तुला विकायलाही येतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो नाहीतर पुण्यात, कुणाच्या घरचा आहे हे नीट न सांगणाऱ्याकडून घ्यायचा नाही. किंमत फारच कमी सांगितली तर मुळीच नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं वाटायला जागा असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देणाऱ्याचं नाव, ओळखपत्र, सही, तारीख, सगळं चिठ्ठीवर घे. रागावला तर रागावू दे. पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा साधारण शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना लागतो. आपले सेट बहुतेक पन्नास-साठच्या दशकातले, त्यामुळे त्याची भीती नको. पण कुणी तुला ‘शंभर वर्षांचा’ म्हणून सेट दाखवला तर आधी मागचं झाकण काढून बघ. आत ट्रान्झिस्टर दिसले तर तो माणूस थापा मारतोय, ट्रान्झिस्टरवाले रेडिओ 1954 पासूनचे.

खरी गोष्ट असेल तर मात्र ती किमतीत धरायची. 1961 च्या आधी इथे परदेशी माल सहज मिळायचा, म्हणून गोव्यातल्या जुन्या घरांत जर्मन सेट सापडतात. ग्रुंडिग ज्यांच्याकडून घेतला त्या आजी सांगायच्या, लोकांसमोर पोर्तुगीजांचं ‘एमिसोरा द गोवा’ हे रेडिओ केंद्र लावून ठेवायचे आणि रात्री आवाज बारीक करून सुई सरकवायचे. 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गोव्याच्या हद्दीबाहेरच्या जंगलातून मुक्तीचं गुप्त प्रसारण करत होते, ते ऐकायला. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज केंद्र बंद पाडलं, तेव्हा त्याच सेटवर नुसती खरखर होती म्हणे. हे गिऱ्हाइकाला सांग, पण बरोबर आजींच्या सहीची चिठ्ठीही दाखव. चिठ्ठीशिवायच्या गोष्टी बाजारात पैशाला पासरी मिळतात.

पैशाचं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेत जमा झालेले बघ आणि मगच पार्सल सोड. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेव. फसलास तर सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरला लगेच कळव, लाजत बसू नकोस.

आणखी एक, चोरीशी संबंध नसलेलं. काही जुन्या सेटांत मेनचा करंट थेट चॅसिसवर येतो. ‘यू’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्ह दिसल्या तर मागचं झाकण उघडं ठेवून कुणालाही चालू करून दाखवू नकोस. वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट प्लगात घालायचा नाही, आधी सिरीजमध्ये बल्ब लावायचा. पप्पांनी तुला शिकवलंय, तरी लिहिते.

पुढच्या आठवड्यात दोन फिलिप्स आणि एक बुश पाठवते. व्हॉल्व्ह वेगळ्या डब्यात, कापसात. पोचल्यावर मागचे नंबर वहीच्या फोटोशी ताडून मला सांग. मर्फी पाठवत नाही. तो विकायचा नाही, असं पप्पा म्हणतात, आणि वहीतही त्याच्यासमोर किंमत लिहिलेली नाही.

तुझी,
आई

ता. क. पुण्याच्या खोलीचं कुलूप बदललंस का? मागच्या महिन्यात बदलतो म्हणाला होतास.