आई, दार उघडू नकोस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो तर आई रडेल, बाबा फोन ठेवून देतील आणि मुद्द्याचं राहून जाईल. म्हणून लिहितोय. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचावं. आई, तू मध्ये बोलू नकोस.

ताईनं भाऊजींविरुद्ध कोर्टात अर्ज दिला आहे आणि त्यावर अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेशही झाला आहे. तुम्हाला आधी सांगितलं नाही, हा निर्णय माझा, त्यावरून तिला बोलू नका. मागच्या महिन्यात दोनदा येऊन गेल्या, जिना चढून दमल्या म्हणून तू ज्यांना सरबत दिलंस, त्या ताईच्या मनूच्या शाळेच्या बाई नव्हत्या. त्या संरक्षण अधिकारी होत्या, अशा अर्जात बाईला मदत करणाऱ्या सरकारी अधिकारी. तुझ्याशी खोटं बोललो याचं वाईट वाटतंय, पण खरं सांगितलं असतं तर त्याच रात्री तू नाशिकला, ताईच्या सासरी, फोन केला असतास. हो ना?

आता तुमच्या मनातलं पहिलं. या अर्जावरून भाऊजींना पोलीस पकडून नेणार नाहीत. (मी एरवी त्यांना भाऊजी म्हणायचं सोडलंय, या पत्रात तुमच्यासाठी म्हणतो.) 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा हा कलम 12 चा अर्ज आहे. मारहाण, शिव्या, पगार काढून घेणं, दागिने अडवून ठेवणं हे सगळं त्यात येतं. अर्ज मॅजिस्ट्रेटसमोर जातो, पण त्यात मागायचं असतं ते संरक्षण, राहायची सोय, खर्च, मुलाचा ताबा, नुकसानभरपाई. शिक्षा मागायची नसते. सासरच्या छळाच्या फौजदारी गुन्ह्याचं पूर्वीचं 498-अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय, ते वेगळं. ते आपण लावलेलं नाही. बाबा, हा घटस्फोटही नाही. संसार मोडला असं कुठंही लिहिलेलं नाही. उलट कलम 17 नं ताईचा त्या घरात राहायचा हक्क शाबूत आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते स्पष्ट केलंय.

सासूबाईंचं नाव अर्जात घातलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर बायकांनाही सामनेवाले करता येतं, वकीलही आधी तेच म्हणत होते. पण नावं वाढली की प्रत्येकाला नोटीस बजावायची, प्रत्येकाचा वेगळा से, म्हणजे लेखी उत्तर, यायचा, तारखा लांबायच्या, आणि 'अख्ख्या घराला गुंतवलं' म्हणायला समोरच्याला आयतं कोलीत. ज्यानं केलं त्याचंच नाव. एवढं ऐकून आईला थोडं बरं वाटेल.

अर्ज आपल्याच गावच्या कोर्टात चालणार. कलम 27 प्रमाणे बाई तात्पुरती राहते तिथंही अर्ज चालतो, म्हणून नाशिकच्या फेऱ्या नाहीत. तारखेला तुम्ही दोघांनी यायचं नाही. आईचे गुडघे आणि कोर्टाचे जिने यांचं जमायचं नाही. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळाले आहेत. बाईला तिथं उत्पन्नाची अट नसते, फी नाही. तेव्हा बाबांनी एफडी मोडायचा विचार डोक्यातून काढावा. कायद्यात पहिली तारीख 3 दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत लावायचा प्रयत्न, असं आहे. प्रत्यक्षात 60 दिवस क्वचितच पाळले जातात. म्हणूनच अंतरिम आदेश आधी मागितला. त्यासाठी अर्जाबरोबर वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं, तेच नसेल तर तारीख नुसती पुढे जाते.

आता आदेशाचं. 'संरक्षण' शब्द वाचून बाबा दारात बंदूकवाला शिपाई येईल अशी वाट बघतील. तसं काही नाही. भाऊजींनी काय करायचं नाही, ते त्यात लिहिलंय: ताईला मारहाण-धमकी नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही, फोन, मेसेज, चिठ्ठी, कुणाच्या तोंडून निरोप, काहीही नाही, बँकेच्या लॉकरला हात लावायचा नाही. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं, ताईला आधार देणाऱ्या नातेवाइकांनाही त्रास द्यायचा नाही. ते नातेवाईक म्हणजे तुम्ही. तिथंही त्यांनी यायचं नाही, म्हणून आपल्या घराचा आणि मनूच्या शाळेचा पूर्ण पत्ता आदेशात मुद्दाम घालून घेतलाय. नुसतं 'अर्जदार राहते तिथं' असं असलं की ठाण्यात घोळ होतो.

तर आई, दार. तू जावयाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवणार नाहीस, हे मला माहीत आहे. दिवाळसणाला त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत तूप काढून ठेवणारी तू. पण तू दार उघडलंस, चहा टाकलास, की पुढच्या तारखेला त्यांचे वकील उभे राहून म्हणतील, 'सासूबाईंनीच बोलावलं होतं.' आदेश त्यामुळे रद्द होत नाही, तो भाऊजींवर आहे, तुझ्यावर नाही. पण कोर्टाच्या मनात किंतु येतो, आणि पोलिसांना तर हात झटकायला तेवढंच पुरतं. म्हणून दार बंद, साखळी लावलेली, आणि आतूनच एक वाक्य: 'कोर्टाचा आदेश आहे, तुम्ही जा.' पुढे बोलायचं नाही. रडायचं असेल तर स्वयंपाकघरात जाऊन रड.

बाबा, तोवर तुम्ही 112 लावा. नाव, पत्ता, 'कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला जातोय', एवढंच. 'जावई आलाय, जरा समजावा' असं म्हणालात तर समजवायलाच माणूस येईल. हाच फरक आहे.

ठाण्यात नेहमी कुठं अडतं ते सांगतो. अंमलदार म्हणतात, 'नवरा-बायकोचं आहे, एनसी करून घ्या' (एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद), किंवा 'कोर्टाचं मॅटर आहे, वकिलांना सांगा.' दोन्ही चूक. अंतरिम संरक्षण आदेश मोडणं हा कलम 31 खाली स्वतंत्र गुन्हा आहे: 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 32 नं तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात) आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या ताईच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा धरू शकतं. म्हणजे एनसी नाही, एफआयआर. त्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ताईनं उठायचं नाही. नाहीच घेतला, तर तीच तक्रार लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना. संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की त्याही मॅजिस्ट्रेटपर्यंत पोचवतात. तुम्ही मात्र ठाण्यात जायचं नाही. साठीच्या पुढच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला साक्षीदार म्हणून जबाबासाठी पोलीस ठाण्यावर बोलावू शकत नाहीत, घरी यावं लागतं. बाबा, तुम्ही 74 चे. रुबाबात आरामखुर्चीत बसून जबाब द्या. काय पाहिलं आणि ऐकलं तेवढंच, तुमचं मत नको.

खर्च थकला तर त्याला हा एफआयआरचा रस्ता नाही. त्याची वसुली वेगळी, गरज पडली तर कोर्ट थेट कंपनीला पगारातून भरायला सांगतं. दोन्हींची गल्लत करू नका.

आदेशाची एक प्रत कोर्टाकडून ठाण्याला जाते, पण ती टपालाच्या गठ्ठ्यात पडून राहते आणि रात्रपाळीच्या माणसाला पत्ता नसतो. म्हणून मी स्वतः एक प्रत देऊन दुसरीवर आवक शिक्का घेतलाय. भाऊजींना आदेश बजावल्याचा अहवालही सोबत आहे, तो नसेल तर 'मला माहीतच नव्हतं' म्हणायला माणूस मोकळा. हे सगळं निळ्या पिशवीत घालून कुरियरनं पाठवतोय. पिशवी दारामागच्या खुंटीला. कपाटात नाही, पेटीत नाही, देवघरात तर नाहीच. आणि बाबा, कृपा करून लॅमिनेशन करू नका! माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून तुम्ही घरातला प्रत्येक कागद प्लॅस्टिकमध्ये घातलाय, आणि त्या कागदांवरच मी आजवर उभा आहे, पण सही-शिक्क्याची नक्कल मोकळी राहू दे. झेरॉक्स काढून तिचं हवं ते करा. एक झेरॉक्स शाळेत मुख्याध्यापकांकडे दिली आहे. मनूला शाळेतून ताई किंवा बाबा, दोघांनीच आणायचं.

आईचा जुना फोन मोडीत द्यायचा नाही. त्यात भाऊजींचे मेसेज आहेत. पुसू नका, दुसऱ्या फोनवर पाठवून मूळ काढू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाही, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन जागेवर असलेला बरा. आणि आई, त्यांच्या 'गुड मॉर्निंग'ला फूल पाठवणं बंद.

मामा येतील. सोबत चार वडीलधारे आणि 500 चा स्टॅम्पपेपर घेऊन. त्यांना जेवू घाला, पण सही नाही. तडजोड करायची झालीच तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, ताईच्या तोंडून. समुपदेशनाला पाठवायचा अधिकारही कोर्टाला आहे, तिथं ती जाईल. नांदायला येण्यासाठीची नोटीस येईल, ती जवळजवळ येतेच. घाबरू नका, परत पाठवू नका. पाकिटावर तारीख घालून मला फोटो.

राहिली ती ताई आणि बाबांच्या नावावरची एफडी. तिचा उल्लेख करायचा. 2020 पासून खर्चाच्या मागणीत नवरा-बायको दोघांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. लपवलेली एक पावती सापडली की बाकी खऱ्यावरही कोर्ट विश्वास ठेवत नाही. कशाला?

एवढं सगळं हुकूम सोडल्यासारखं लिहिलं, माफ करा. बाबांनी संध्याकाळी फिरायला जाणं सोडू नये, फक्त फोन खिशात असावा आणि आवाज चालू असावा. बीपीची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही. आई, ताई रात्री जागी दिसली तर काही विचारू नकोस, लहानपणी मला ताप आला की नुसती उशाशी बसायचीस, तशी बस.

तारखेच्या आदल्या रात्री मी येतोय. गाडी उशिरा पोचते, जेवायला थांबू नका. दार वाजवणार नाही, खालून फोन करीन. माझा फोन आला की मगच साखळी काढा.

तुमचा,
धाकटा