औषध येण्याआधीच

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या म्युटेशनवरच्या (जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांवरच्या) प्रोजेक्टचा मसुदा वाचला. मांडणी नेटकी आहे, पण दुसऱ्या पानावर एक वाक्य खटकलं: "प्रतिजैविकाचा मारा झाला की जिवाणू त्याच्याशी लढण्यासाठी स्वतःत बदल घडवतात." पुष्कळांची अशीच समजूत असते, म्हणूनच आग्रहाने लिहिते. जिवाणू औषध बघून हवा तो बदल घडवत नाही. बदल बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेला असतो. औषध बाकीच्यांना मारतं, आणि मग बदल झालेला जिवाणू एकटा वाढतो.

याचा पुरावा ल्युरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ साली दिला, आणि तो मला आजही फार आवडतो. त्यांनी इ. कोलाय हे जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत मोजक्या पेशींपासून वाढवले आणि प्रत्येक नळी, औषधाऐवजी, जिवाणूंना मारणारा विषाणू पसरलेल्या प्लेटवर ओतली. विषाणूच्या स्पर्शाने प्रतिकारशक्ती येत असती, तर सगळ्या प्लेटांवर वाचलेल्या जिवाणूंच्या साधारण सारख्याच वसाहती (ठिपक्यांसारखे पुंजके) दिसल्या असत्या. त्यांच्या एका प्रयोगातले २० आकडे बघ: ११ प्लेटा कोऱ्या, काहींवर एक, तीन, पाच, सहा, मग ३५, ६४ आणि एकीवर थेट १०७! त्या १०७ वाल्या नळीत म्युटेशन लवकर झालं होतं आणि त्याची पिल्लावळ विषाणू भेटायच्या आधीच वाढली होती. कोऱ्या प्लेटांवरून म्युटेशनचा दरही काढता येतो. २० पैकी ११ नळ्यांत एकही म्युटेशन नाही, म्हणजे संभाव्यतेच्या गणिताने नळीमागे सरासरी सुमारे ०.६ म्युटेशन. त्याला पेशींच्या संख्येने भागायचं. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून बघ.

आता तुझा तक्ता. त्यात म्युटेशनचे काही दर 'प्रति अक्षर' (डीएनएच्या एका अक्षरामागे) आहेत, तर काही 'प्रति जीनोम' (जिवाच्या सगळ्या अक्षरांच्या संचामागे), आणि तू ते एकाच रकान्यात घातलेस. तसं करू नकोस, कारण खरी गंमत या दोन एककांतल्या फरकातच आहे. जॉन ड्रेक या शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवलं की डीएनए असलेल्या सूक्ष्मजीवांत अक्षरामागचा दर कमालीचा बदलतो, पण अख्ख्या जीनोममागचा दर जवळपास तोच राहतो: दर नक्कलेला सुमारे ०.००३, म्हणजे साधारण ३०० नकलांत एक चूक. एम१३ या विषाणूचा जीनोम सुमारे ६,४०० अक्षरांचा, इ. कोलायचा सुमारे ४६ लाख अक्षरजोड्यांचा, तरी दोघेही याच आकड्याच्या आसपास. ज्याची पोथी मोठी, त्याला प्रत्येक अक्षर तितकंच जपून उतरवावं लागतं.

ज्यांचा जीनोम डीएनएऐवजी आरएनएचा असतो, ते आरएनए विषाणू या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्या पॉलिमरेजला (नक्कल करणाऱ्या प्रथिनाला) सहसा चूक खोडून दुरुस्त करता येत नाही (कोरोनाविषाणू अपवाद, त्यांचा जीनोम सुमारे ३०,००० अक्षरांचा आणि दुरुस्तीची सोय असलेला). मग चुका कमी झाल्या तर विषाणूचा फायदाच होईल, असं वाटेल. पण पोलिओच्या विषाणूचा एक प्रकार सापडला, जो नक्कल अधिक अचूक करतो, आणि उंदरांमध्ये तोच कमी घातक ठरला. उलट रिबाविरिनसारख्या विषाणूविरोधी औषधाने चुका वाढवल्या की विषाणू त्या चुकांच्या ओझ्याखालीच कोलमडतो. दोन्हीकडे मरण आहे, यावर एक परिच्छेद तरी लिही.

शेवटी क्षयरोग घे, म्हणजे हे आकडे माणसांपर्यंत पोचतील. आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, त्यामुळे एकच औषध दिलं तर ते हरणारच. दोन्हींना एकाच वेळी पुरून उरणारा मात्र, दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर, एकावर चौदा शून्यं इतक्यांत एक, आणि इतके जंतू कुठल्याही रुग्णात नसतात. औषधं एकत्र देतात ती याचसाठी. रुग्णाने त्यातलं एक मनानेच बंद केलं, की हा गुणाकार मोडतो.

तक्ता सुधारून पाठव, मी लगेच वाचते.

तुझी,
आई