परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : क्रूझ क्षेपणास्त्रांचीही पूर्वसूचना हवी

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, यांस
सविनय नमस्कार.

पाकिस्तानशी 3 ऑक्टोबर 2005 रोजी झालेल्या करारातली एक फट बुजवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

त्या करारानुसार जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक (उंच चढून कमानीत खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी पाच दिवसांचा अवधी ठरवतात आणि तो सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी शेजाऱ्याला कळवतात. क्षेपणास्त्र सोडण्याची जागा सीमेपासून 40 किलोमीटरच्या आत नको, पडण्याची 75 च्या आत नको. विमानासारखी हवेतून उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र यातून सुटली. पाकिस्तानचे ‘बाबर’ क्रूझच आहे आणि ते अण्वस्त्र नेऊ शकते, असे तो देश स्वतःच सांगतो.

9 मार्च 2022 रोजी आपले ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नू गावाजवळ पडले. पाकिस्तानी लष्कराच्या म्हणण्याप्रमाणे ते 124 किलोमीटर आत गेले होते. त्यावर स्फोटके नव्हती, पण रडारवर दिसतो तो नुसता ठिपका. पोटात काय आहे ते रडार सांगत नाही. आपले जाहीर निवेदन आले 11 मार्चला. पुढे चौकशीत ठरलेली कार्यपद्धती पाळली नसल्याचे निघाले आणि हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. अपघात कळवण्याचा 2007 चा करार फक्त अण्वस्त्रांपुरता आहे, म्हणून ही घटना त्यातही बसली नाही.

हे आम्ही परभणीतून का लिहितो? हिरोशिमाएवढे 100 बॉम्ब या दोन देशांतल्या शहरांवर पडले तर सुमारे 50 लाख टन काजळी वर जाईल, असा 2007 च्या एका संशोधनाचा अंदाज आहे. उन्हाने तापून ती ढगांच्याही वर चढते. तिथे ती धुऊन काढायला पाऊस नसतो, त्यामुळे वर्षानुवर्षे राहते. ऊन आणि पाऊस दोन्ही घटतात. आमच्या कोरडवाहू सोयाबीनला शेंगा भरताना तीन आठवड्यांचा खंड पडला तरी दाणा पोचट राहतो.

निदान जमिनीवरून सुटणारी क्रूझ क्षेपणास्त्रे पूर्वसूचनेत आणावीत. चुकून सुटलेच, तर कुठून सुटले, दिशा कोणती, स्फोटके आहेत की नाहीत, हे त्याच मिनिटाला हॉटलाइनवर सांगणे बंधनकारक असावे. ही यंत्रणा चालते: 10 मे 2025 रोजी दुपारी 3.35 ला दोन्ही देशांचे डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक) बोलले आणि 5 वाजल्यापासून मारा थांबवायचे ठरले.

अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या करारानुसार दोन्ही देशांत त्या केंद्रांच्या याद्या 1992 पासून दर 1 जानेवारीला दिल्या-घेतल्या जातात. कारगिलनंतरही त्यात खंड पडला नाही. येत्या 1 जानेवारीला यादीसोबत हा प्रस्तावही पाठवावा.

आपले,
भौतिकशास्त्र व कृषिविज्ञानाचे अध्यापक,
परभणी