भात कापल्यावर गुरं राखा, चारा खाचरातच होईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाराटंचाई म्हटली की माण, खटाव, आटपाडी आठवतात. चार महिन्यांत 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस घेणाऱ्या कोकणाचं नाव त्यात कुणी घेत नाही. पण पाऊस गेला की जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही. मार्चपर्यंत सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत वाळतं, बरंचसं वणव्यात जातं आणि गोठ्यात उरतो फक्त पेंढा. त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. त्यावर जनावर तग धरतं, दूध देत नाही.

भात कापल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी होते हे इथल्या कुणाला सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच, की यातला काही भाग चाऱ्यासाठीच पेरावा आणि फुलोऱ्यात कापावा. चवळीच्या चाऱ्यात सुक्या वजनावर 15 ते 20 टक्के प्रथिनं असतात. तो पेंढ्यात मिसळून घालावा; नुसता कोवळा पाला उपाशीपोटी घातला तर पोट फुगतं. कापताना बुंधे आणि पालापाचोळा रानात राहू द्यावा, मुळांवरच्या गाठींतलं नत्र पुढच्या भाताला मिळतं.

कमी पावसाच्या भागात अशा, दोन मुख्य पिकांच्या मधे जमीन झाकणाऱ्या आच्छादन पिकांवर एक रास्त आक्षेप असतो: पुढच्या पिकाची ओल तीच पिऊन टाकतात. आपलं पुढचं पीक जूनच्या पावसावरचं. मधल्या काळात ती ओल उन्हाने उडूनच जायची आहे. ती चाऱ्याने प्यायली तर भाताचं काही बिघडत नाही.

तरीही दिवाळीनंतर मळेच्या मळे ओस दिसतात. मोठं कारण मोकाट गुरं. कापणी उरकली की दावी सुटतात आणि धसकटं चघळत फिरणारी गुरं एखाद्याने पेरलेला कुळीथ एका रात्रीत फस्त करतात. एकट्याने कुंपण घालायचं तर खर्च पिकाहून जास्त. गुरंवाल्यांनाही मी दोष देत नाही. घरात दोन म्हातारी माणसं, गुराखी मिळत नाही, त्यांनी करायचं काय? मोकाट गुरांसाठी 1871 च्या कायद्यातला कोंडवाडा आहे, पण शेजाऱ्याचं जनावर कोंडून गावात वैरच वाढतं.

म्हणून हा निर्णय गावकीनेच घ्यावा. वाडीतला एखादा सलग मळा ठरवावा, शिमग्यापर्यंत गुरं बांधून किंवा वर्गणीच्या राखणीवर ठेवावीत आणि ज्यांची चराई थांबली त्यांना चाऱ्यात वाटा द्यावा. हा वाटा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नसेल तर बंदी महिनाभरही टिकणार नाही. डुकरं आणि वानरं याने थांबणार नाहीत, पण सगळ्यांनी मिळून जागता पहारा ठेवणं तरी शक्य होईल.

गणपतीला चाकरमानी गावी येतात. पडीक खाचरांपैकी बरीच त्यांचीच आहेत, त्यामुळे तेव्हाच गावकीची बैठक घेऊन त्यांच्या संमतीने मळा ठरावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने चवळी-कुळथाचं बियाणं कापणीआधी गावात पोहोचवावं. जमीन सुकल्यावर आलेल्या बियाण्याचा आम्हाला उपयोग नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी