चढावर थांबलेल्या त्या दोघांचे मनापासून आभार

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी सुटी करून परत उभी करणं हा माझा सगळ्यात लाडका उद्योग. चेसिसचा गंज काढला, लीफ स्प्रिंग बदलून गाडी उंच केली, आणि ट्रायलला नेली तर कच्च्या चढावर मागून धाडकन आवाज. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा क्रॉस (त्याचा वळणारा सांधा) तुटला. अंधार पडत आलेला, फोनला रेंज नाही.

मागून एका गाडीतून दोघं आले आणि काही न विचारता आधी चाकांना दगड लावले. माझ्या गाडीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) मागे त्या शाफ्टवरच आहे, म्हणजे शाफ्ट तुटला आणि पुढचे हब (चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे लॉक) लॉक नसले की तो चाकं धरतच नाही, हे त्यांना बघताक्षणी कळलं! मग एक जण चिखलात आडवा होऊन खाली शिरला, यू-बोल्ट सोडून अख्खा शाफ्ट काढला, दुसऱ्याने पुढचे हब लॉक केले, फोर-हायमध्ये (चारही चाकांच्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) टाकायला सांगितलं आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर निघाली.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. क्रॉसच्या उरलेल्या कॅप निघून आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया सांडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर टेप गुंडाळली, शाफ्ट फडक्यात बांधून मागे ठेवला. इतक्या घाईत दुसऱ्याच्या जुन्या पार्टची एवढी काळजी कोण घेतं? "उंच केल्यावर शाफ्टचा अँगल वाढतो, तो मोजून घ्या" एवढंच म्हणाले आणि डांबरी लागेपर्यंत हॅझर्ड लावून मागे मागे आले.

दादांनो, खूप खूप थँक्यू. अँगल मोजलाय, आता तो सुधारायला स्प्रिंगखाली वेज (पाचर) टाकतोय.