मुळं स्वतः कशी लढतात तेही छापत जा

संपादक साहेब, नमस्कार.

शेतीच्या पानावर निमॅटोड म्हणजे सूत्रकृमीबद्दल लेख आला की त्यात मुळांवरच्या गाठींचा फोटो आणि खाली औषधांची यादी, एवढंच असतं. पण मूळ काय तिथे गप्प पडून असतं का? ते आधीपासून लढत असतं आणि त्याबद्दल एक ओळ सुद्धा नसते, म्हणून हे पत्र.

जमिनीतली ही अळी अर्धा मिलीमीटर सुद्धा नसते, तोंडात सुईसारखा अवयव असतो. मूळगाठ करणारी जात मुळात घुसून आतल्या काही पेशींना फुगवून मोठं करते आणि मग आयुष्यभर तिथेच बसून त्यातून खाते. आता मुळाकडे काय आहे बघा. सूत्रकृमी अॅस्करोसाइड नावाची रसायनं सोडतात, एकमेकांना सिग्नल द्यायला, आणि झाडं तीच ओळखून आपला बचाव चालू करतात, हे २०१५ च्या रिसर्चमध्ये दिसलं. मग पेशींच्या भिंतीत लिग्निन (लाकडाला कडक करणारा पदार्थ) भरून त्या कडक करायच्या, विषारी रसायनं बनवायची असं सगळं चालतं. झेंडूच्या मुळात टरथायनिल असतं ते याच कामाचं.

सगळ्यात भारी मला टोमॅटोचा एमआय जीन वाटतो. तो १९४० च्या दशकात एका जंगली टोमॅटोतून घेतला, साधा संकर जमत नव्हता म्हणून कोवळा गर्भ काढून लॅबमध्ये वाढवावा लागला. हा जीन असला की अळी आत शिरते, खायला बसते आणि तिच्या तोंडाजवळच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे मूळ आपलाच एक छोटा तुकडा मारून टाकतं आणि अळी उपाशी राहते!

पण इथेच अर्धवट माहितीने नुकसान होतं. जमीन साधारण २८ अंशांच्या वर तापली की हा जीन ढिला पडतो, आणि मूळगाठ करणाऱ्याच मेलॉयडोगायनी हॅप्ला या जातीच्या सूत्रकृमीवर तो मुळातच चालत नाही. शिवाय तोच जीन वर्षानुवर्षं लावत राहिलं की त्याला न जुमानणाऱ्या अळ्याच मागे उरतात आणि वाढतात. अमेरिकेत सोयाबीनचं हेच झालंय, बहुतेक प्रतिकारक वाणांमधला प्रतिकार एकाच मूळ वाणातून आलेला आणि आता सिस्ट (अंड्यांची कडक पिशवी) करणारे सूत्रकृमी त्याला सरावलेत. एवढा कष्टाने मिळालेला जीन आपणच असा वाया घालवायचा का?

म्हणून विनंती आहे की 'निमॅटोड प्रतिकारक' वाणाबद्दल छापताना कुठल्या जातीच्या सूत्रकृमीला प्रतिकारक, जमीन किती तापेपर्यंत, आणि त्याच्यानंतर फेरपालटीला कुठलं पीक घ्यायचं, हे कंपनीला विचारून त्याच बातमीत द्या.

आपला एक नेहमीचा वाचक